नळावरची बाई

एप्रिलातल्या दुपारी नागपुरात शहाणा माणूस उंबरठा ओलांडत नाही. म्हणून महाल भागातल्या त्या बोळात, वामनरावांच्या ब्लॉकच्या दुकानापुढे, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला एक तरुण सायकलवरून उतरला तेव्हा वच्छलेला वाटलं, हा एकतर पत्ता चुकला असावा, नाहीतर याला ऊन तरी लागलं असावं. त्यानं शर्टाच्या आतून एक पुठ्ठा काढला आणि तान्हं पोर ठेवावं तसा हळूच काउंटरवर ठेवला.

“गणपतराव साहेबानं पाठवलं जी,” तो म्हणाला. “ब्लॉक पाहिजे. संध्याकाळच्या आत.”

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा वर्तमानपत्रात चित्र छापायचं म्हणजे आधी त्याचा फोटो घ्यायचा, ती फिल्म जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, नको तेवढा पत्रा अ‍ॅसिडला खाऊ द्यायचा आणि उरलेला लाकडावर ठोकून तो ब्लॉक छापखान्यात धाडायचा. वामनरावांचं सगळं आयुष्य या कामात गेलं होतं. बी.ए. झाल्यापासून त्यांची वच्छलाही दुपारची दुकानात बसू लागली होती, आणि काम तिच्या हाताला चांगलं बसलं होतं. वामनराव त्या वेळी आत, वाळ्याच्या ताटीमागे डुलकी काढत होते. तिनं पुठ्ठा पुढे ओढला.

चित्रात एक माजलेला बैल होता. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं ‘महागाई’. तो एका गाडीला धडक देत होता, आणि गाडीवर लिहिलं होतं ‘जनता’. बाजूला घोरणाऱ्या गाडीवानाच्या धोतरावर ‘सरकार’, आणि मागच्या डोंगरावर ‘आश्वासने’. वच्छलेनं सगळं सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचलं.

“वाचून झालं,” ती म्हणाली. “आता चित्र दाखवा.”

त्याचे कान उन्हानं आधीच लाल झाले होते, ते आणखी झाले. लिहिलं नाही तर लोकांना समजत नाही, असं तो कसंबसं म्हणाला. त्यावर ती म्हणाली, की मग नुसतं लिहूनच द्यावं, त्या बैलाला कशाला उन्हात उभं करायचं. तो पंचा सावरत निघून गेला, आणि तो बोळाच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर वच्छलेचं तिलाच नवल वाटलं. ओळख ना पाळख, आणि आपण या माणसाला असं का बोललो? बरं, बोललो तर बोललो. पण आता ते लाल कान का आठवताहेत?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळच्या चित्रात एकच नाव होतं. त्यानं पुठ्ठा ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.

“हे एक नाव कायले ठेवलं?” तिनं विचारलं.

“धीर नाही झाला जी.”

ती हसली. मग तोही हसला, आणि आतून वामनरावांनी विचारलं, की कोण आहे वच्छे. पारशिवनीवाले आहेत, असं तिनं सांगितलं. कारण एवढ्यात तिला त्याचं गाव तेवढं कळलं होतं.

बाकीचं हळूहळू कळलं. त्याचं नाव श्रीधर. घरची थोडी शेती, चित्रकलेच्या शिक्षकाचा कोर्स झालेला. धंतोलीतल्या ‘पूर्वरंग’ दैनिकाच्या गणपतरावांनी त्याला उन्हाळ्यापुरता ठेवून पाहिला होता. रोज पहिल्या पानावर एक छोटं व्यंगचित्र, पण त्याखाली सही करायची नाही. सही पक्क्या माणसाची असते, असा गणपतरावांचा दंडक होता. मे अखेर गणपतराव सही करायला सांगतील, नाहीतर नमस्कार करतील. नमस्कार केला तर पारशिवनीच्या शाळेत जूनपासून पोरांना आंबा आणि मडकं काढायला शिकवायचं, हे ठरलेलं होतं. तिथली जागा मामांनी शब्द टाकून राखून ठेवली होती.

वच्छलेला त्या सहीशी काय करायचं होतं? काही नाही. तरी रोज सकाळी अंक आला की तिची नजर आधी त्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात जाई, आणि कोपरा रिकामा दिसला की जिवाला उगीच रुखरुख लागे. तो राहावा असं तिला वाटत होतं. का वाटत होतं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

तो रोज येऊ लागला. तिच्यापुढे चित्र ठेवायचं आणि गप्प राहायचं, अशी रीतच पडली. त्याचं म्हणणं असं, की व्यंगचित्र पाहिलं आणि हसू आलं, या दोहोंच्या मध्ये एक इवलीशी फट असते. त्या फटीत वाचणाऱ्याचं डोकं स्वतः एक पाऊल टाकतं. ते पाऊल आपण टाकून दिलं तर त्याला मजा येत नाही, आणि फार लांबचं ठेवलं तर तो पान उलटतो. वच्छलेच्या चेहऱ्यावर त्याला ती फट दिसायची म्हणे. आता हे कौतुक वच्छलेचं होतं की व्यंगचित्राचं, हे तिनं कोणाला विचारावं?

एकदा त्यानं भैय्याजींचं चित्र आणलं. भैय्याजी म्हणजे सदर भागातले कापडाचे व्यापारी आणि पुढारी. शहरात कुठेही फीत दिसली की कात्री घेऊन हजर. श्रीधरनं त्यांचं नाक मोठं काढलं होतं, पोट मोठं, कान मोठे, टोपी मोठी आणि कात्रीही मोठी.

“सगळंच मोठं केलं तर मोठं काय राहिलं?” वच्छला म्हणाली.

मग तिथंच, काउंटरवर बसून, त्यानं दुसरं काढलं. त्यात भैय्याजी होते तेवढेच, चारचौघांसारखे, फक्त हातातली कात्री त्यांच्यापेक्षा उंच. वामनराव चष्मा लावून बाहेर आले आणि फसकन हसले. ते चित्र दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या पानठेल्यांवर चिकटवलं गेलं.

दुसऱ्या एका दिवशी रेशनच्या रांगेतला एक हडकुळा म्हातारा होता. रॉकेलचा डबा, गुडघ्यावरचं धोतर, वेडंवाकडं तोंड. वच्छला हसली नाही. श्रीधरनं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “याच्यावर काय हसाचं? हा तर आधीच रडून राहिला. ज्यानं रांगेत उभं केलं त्याले काढा ना.” त्यानं चित्र तिच्यादेखत फाडलं. त्या दिवशी ‘पूर्वरंग’ची चौकट नव्या चित्रासाठी तासभर अडून राहिली आणि गणपतराव त्याला फार बोलले, असं तिला मागाहून समजलं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता बरंही वाटलं. असं दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं, कोण जाणे.

आणि मग तो घागरीचा दिवस.

त्या दिवशी तो आला तो पुठ्ठा न घेताच आला. काउंटरच्या त्या बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत राहिला... नुसता बघत राहिला. ताटीवर मारलेलं पाणी ठिबकत होतं, ओल्या वाळ्याचा वास सुटला होता. वच्छलेनं खाली बघितलं, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. तिच्या छातीत असं काही धडधडू लागलं की ते त्याला ऐकू जाईल म्हणून तिनं ड्रॉवर उघडला आणि जोरात बंद केला.

“एक इचारू का जी?” तो म्हणाला.

“इचारा...”

“घरात घागर आहे काय?”

तिनं घागर आणली. दुसरं काय करणार! ती कडेवर घ्या, नाही, खाली धरा, ती रिकामी आहे असं धरा, असं तो सांगत राहिला आणि पेन्सिल चालत राहिली. वच्छला मनातल्या मनात त्याला आणि त्याहून जास्त स्वतःला नावं ठेवत उभी होती. म्हणजे हा बघत होता तो हातांकडे. घागर धरायला कोणतेही हात चालले असते; आपण आपल्या घरात सापडलो, एवढंच. मग जाता जाता तो दारात थांबला.

“रिकामी घागर भरल्या घागरीपेक्षा जड असते,” तो म्हणाला. “हे मले आज समजलं.” आणि लगेच पुढे म्हणाला, की शाई संपत आली आहे, वाटेत घ्यावी लागेल. अशा माणसाचं काय करावं सांगा.

चित्राचा विषय सगळ्या शहराच्या तोंडी होता. एका वस्तीत भैय्याजींच्या हस्ते नवा नळ सुरू झाला होता. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे सगळ्यांच्या भाभीजींनी, नारळ फोडला होता. भाषणं झाली, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून नळाला पाण्याचा थेंब नव्हता. श्रीधरच्या चित्रात भैय्याजी नव्हते. कात्री नव्हती. कुठेही एक अक्षर नव्हतं. कोरडा नळ, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि शेजारी रिकामी घागर धरून उभी असलेली बाई. ती नळाकडे बघत नव्हती, सरळ वाचणाऱ्याकडे बघत होती. खाली छापखान्यात खिळे जुळवून एकच ओळ घालायची होती : ‘हार तरी ओला आहे.’

दुसऱ्या दिवशी त्यानं चित्र आणलं; वच्छलेनं बघितलं, एक क्षण गेला, आणि तिला हसू आलं. मग लगेच ते विरलं. ती फक्त म्हणाली, “हे तुमचं सगळ्यात चांगलं.” तो काहीतरी बोलणार होता, तिचं तोंड निरखत होता, पण फोटो घेऊन होताच पुठ्ठा परत उचलावा लागला. गणपतरावांना चित्र स्वतः पाहायचं होतं, आणि सहीचं काय ते ते याच आठवड्यात ठरवणार होते.

त्या दिवशी वामनराव गुडघा दाखवायला धंतोलीत डॉक्टरकडे गेले होते. दुकानात वच्छला एकटी. तिनं पत्रा केला, अ‍ॅसिडातून काढला, धुतला, शाई लावून कागदावर प्रूफ काढलं, आणि ती बघतच राहिली. काहीतरी चुकलं होतं. बाई ओळखीची वाटत होती, पण ओळख देत नव्हती. भांग भलतीकडे गेल्यासारखा, तोंड जरा वाकडं झाल्यासारखं. तिनं ठरवलं, की आपण फिल्म उलटी ठेवली आणि चित्र उलटं उतरलं. या धंद्यात ही चूक पटकन होते. एरवी ती अक्षरांवरून कळते; प्रूफवर अक्षर नीट वाचता आलं की झालं. पण या चित्रात अक्षरच नव्हतं. तीच तर म्हणाली होती, चित्रात लिहायचं नाही म्हणून. ताडून बघायला मूळ चित्रही जवळ नव्हतं.

तिनं फिल्म फिरवली आणि दुसरा ब्लॉक केला. दुसऱ्या प्रूफवर बाई अगदी बरोबर दिसली. रोजची असावी अशी. वच्छलेला हायसं वाटलं. ‘पूर्वरंग’चा शिपाई नत्थूजी आला, ब्लॉक घेऊन गेला.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती, ते असं. सकाळी वामनरावांनी अंक उघडला, चौकट बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली.

“वच्छे,” ते म्हणाले, “या बाईचा पदर पाह्य.”

पदर उजव्या खांद्यावर होता. महालातल्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर असतो. सदरकडच्या हिंदी बोलणाऱ्या घरांत तो उजव्या खांद्यावरून पुढे येतो. चित्र तळहाताएवढं, पदर पुढून गेला की मागून आला हे कोण बघत बसतंय! उजव्या खांद्यावर पदर, उद्घाटनाचा नळ, झेंडूचा हार... अख्ख्या नागपुरानं एका दमात ठरवलं, की या भाभीजी आहेत. भैय्याजींच्या घरीच पाणी नाही, बायको घागर घेऊन नळावर उभी आहे! लोक सायकली थांबवून एकमेकांना अंक दाखवत होते. इतकं हसू श्रीधरच्या कुठल्याच चित्राला आलं नव्हतं.

दुपारी नत्थूजी आला तो तोंड पाडूनच. भैय्याजी कचेरीत येऊन टेबल वाजवून गेले होते. गणपतरावांचा सहीइतकाच पक्का दुसरा एक दंडक होता : पुढाऱ्याला हवं तेवढं सोला, त्याच्या घरातल्या बाईला हात लावायचा नाही. त्यांनी श्रीधरला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं. श्रीधर फक्त म्हणाला, चूक झाली साहेब. एवढंच. टेबलावरचं मूळ चित्र त्यानं सकाळीच उचलून नेलं होतं. आता तो पारशिवनीला जायला निघणार होता.

वच्छलेला काही म्हणजे काही कळेना. ज्यानं चित्र काढलं त्याला ते उलटं छापलंय हे पहिल्या नजरेत कळलं असणार. मग बोलला का नाही? ब्लॉकवाल्यांनी फिल्म फिरवली, एवढ्या एका वाक्यानं त्याची सही वाचली असती. दुकानाचं काम जाईल म्हणून गप्प बसला? की आपल्यावर इतका रागावला, की आपलं नावही तोंडात नको? आणि आपण तरी पहिलं बरोबर आलेलं चित्र टाकून उलटं का केलं? आपले डोळे फुटले होते काय? ती रडली, आणि रडताना तिला एक गोष्ट मात्र स्वच्छ कळली. तो गेला तर तिला हे गाव, हे दुकान, ती दुपार, काही नको होतं.

तिनं वडिलांना सगळं सांगितलं. वामनराव गुडघा चोळत ऐकत होते. ‘पूर्वरंग’चं काम म्हणजे दुकानाचा अर्धा संसार होता. “दुकान आपलं,” ते म्हणाले, “त मंग चूकही आपलीच. जाय, सांगून ये.”

तिनं बाजूला टाकलेला पहिला ब्लॉक आणि त्याचं प्रूफ घेतलं आणि रिक्षा केली. धंतोलीच्या कचेरीत गणपतरावांसमोरच्या खुर्चीत, मांडीवर पितळेचा पानाचा डबा घेऊन, खुद्द भाभीजी बसल्या होत्या. पदर अर्थातच उजव्या खांद्यावर. त्यांची तक्रार नवऱ्यापेक्षा निराळी होती. नवऱ्याची थट्टा झाली याचं त्यांना काही नव्हतं. पण आपण जन्मात कधी घागर घेऊन नळावर गेलो नाही, आणि आता मोहल्ला विचारतोय की भाभीजी पाणी मिळालं का, हे त्यांना सोसत नव्हतं.

वच्छलेनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चूक श्रीधरची नाही, माझी. ही बघा, पहिल्या प्रूफवर बाईचा पदर डाव्या खांद्यावर आहे. चित्र असंच होतं. फिल्म मी फिरवली.

गणपतरावांनी प्रूफ आणि अंक शेजारी शेजारी ठेवले. “पदर कुठल्या खांद्यावर आहे हे मी काल चित्रात पाहिलंच नाही,” ते पुटपुटले. मग त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं. “पण मुली, पहिलं बरोबर उतरलं होतं. तू ते पुन्हा का फिरवलंस?”

“मले ते उलटं दिसलं.”

“का दिसलं?”

“मले समजून नाही राहिलं, साहेब.”

भाभीजींनी प्रूफ हातात घेतलं होतं. त्या एकदा कागदाकडे बघत होत्या, एकदा वच्छलेकडे. त्यांनी तिला बोटानं जवळ बोलावलं आणि पानाच्या डब्याचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं. झाकणाला आतून आरसा होता.

“इसमें देख बेटी,” त्या म्हणाल्या. “अब अखबार देख.”

वच्छलेनं आरशात बघितलं. लहानपणी कपाळावर पडलेल्या खोकेमुळे तिचा भांग मधून पडत नसे, तिरपा जाई. एक भुवई जरा वर असे. आरशात भांग ज्या बाजूला होता, अंकातल्या बाईचाही त्याच बाजूला होता. तीच भुवई. तोच, घागर धरून जगाला जाब विचारणारा चेहरा. वेणी घालताना ती रोज सकाळी हाच चेहरा बघत आली होती, आणि आरशात त्या चेहऱ्याचा पदरही असाच दिसतो, उजव्या खांद्यावर. नागपुरातल्या प्रत्येक माणसाला पहिलं प्रूफ सुलटं दिसलं असतं. फक्त एका मुलीला ते उलटं वाटणार होतं. जिचं चित्र होतं तिला.

तो हात काढत नव्हता. घागर काढत नव्हता. वच्छलेचे कान इतके तापले, की तिनं पदरानं ते झाकून घेतले.

“मतलब...” भाभीजी अंकाकडे बघत म्हणाल्या, “मैं नहीं हूँ इसमें?” त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि थोडी निराशाही होती. मग त्यांनी डबा मिटला आणि उठता उठता सांगितलं, की भैय्याजींचं आपण बघून घेऊ, तुम्ही काळजी करू नका.

गणपतराव खोकले. मग ते म्हणाले, की उद्या हेच चित्र त्याच जागी सुलटं छापायचं, हाच पहिला ब्लॉक घेऊन. आणि परवापासून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात सही पाहिजे, ठळक, म्हणजे ब्लॉक करणाऱ्याला उलटसुलट कळेल.

“म्हणजे... ठेवून घेतलं त्याईले?”

“सही म्हणालो ना मी?” गणपतराव म्हणाले. “आणि वामनरावांना नमस्कार सांग. चुका सगळ्यांच्याच कारखान्यात होतात. सांगायला कोणी येत नाही.”

रिक्षा महालात शिरली तेव्हा उन्हं उतरली होती, लोकांनी अंगणात पाणी शिंपडलं होतं. दुकानाच्या पायरीवर श्रीधर बसला होता. शेजारी वळकटी. वामनरावांचा निरोप घ्यायला आला होता, आणि वामनराव कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोंचं काम घेऊन आत डार्करूममध्ये होते. अंधारात फिल्म धुवायची असली की ते दार लावून घेत. तिला बघून तो उठून उभा राहिला.

तिनं त्याला सहीचं सांगितलं. तिला वाटलं होतं तो आनंदानं उडी मारेल.

“तुम्ही कायले गेल्या जी तिथं?” तो म्हणाला.

“तुम्ही कायले गप्प बसले?”

तो वळकटीच्या दोरीशी चाळा करू लागला. “मले वाटलं, तुम्ही मुद्दाम फिरवलं.”

“मुद्दाम? काहून?”

“तुम्ही ओळखलं असान... की ते कोण आहे. आन् तुम्हाले आवडलं नसान. म्हणून ओळखू येऊ नये असं उलटं करून टाकलं...” तो थांबला. “साहेबानं इचारलं असतं, ब्लॉकवालीनं असं काहून केलं, त मी काय सांगतो? तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा पारशिवनी बरी.”

म्हणजे ती समजत होती तो रागावला, आणि तो समजत होता तिनं नाही म्हटलं! एवढा हुशार माणूस, एका रेघेत भैय्याजींना उघडं पाडणारा, आणि इतकं खुळं काही डोक्यात घेऊन पारशिवनीला निघाला होता. वच्छलेला हसावं की त्याला धरून गदागदा हलवावं, कळेना.

“मी ओळखलंच नव्हतं,” ती म्हणाली. “सुलटं होतं, तेच मले उलटं दिसलं. मी मले आरशातच पाह्यलं ना आजपर्यंत.”

त्याला समजायला एक क्षण लागला. तीच ती इवलीशी फट. मग त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“मी तर रोज सुलटंच पाहून राहिलो,” तो म्हणाला.

आता बोलायचं कोणी? बोळातून एक गाय गेली. कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मग डोळे मिटून विहिरीत उडी टाकावी तसं श्रीधर म्हणाला, “माह्यासंग लग्न करान काय जी?”

“करीन,” वच्छला म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की तिची तीच लाजली. “पण आता ‘जी’ नका म्हणू.”

“मंग काय म्हणू?” त्यानं विचारलं, आणि मग अगदी हळू, चव घेऊन पाहावी तसं, इकडचे नवरे बायकोला म्हणतात तसं म्हणाला, “काहून वं?...”

डार्करूमच्या दाराला आतून कोणाचा तरी हात लागला. दोघंही दचकली. आत माणूस आहे, आणि त्या पातळ फळ्यांतून सगळं ऐकू जातं, हे दोघंही साफ विसरली होती.

“दार उघडू नका,” आतून वामनरावांचा आवाज आला. “फिल्म उघडी आहे.”

वच्छला काउंटरला घट्ट धरून उभी राहिली. श्रीधरचे कान पहिल्या दिवसाहून लाल झाले. आत पाणी ओतल्याचा आवाज झाला, तसराळं हललं, पुन्हा सगळं शांत. वामनरावांना कधी घाई नसे. फिल्म पुरती धुऊन होईपर्यंत ते बोलणार नव्हते, आणि बाहेर दोघांनाही श्वास घ्यावा की नाही ते कळेना.

“वच्छे,” शेवटी आवाज आला, “भाकरी जास्तीच्या टाकाले सांग तुह्या मायले.” मग थोडं थांबून, जरा मोठ्यानं, “श्रीधरराव, जेवूनच जा.”

सकाळपर्यंत तो त्यांना नुसता पारशिवनीवाला होता.